डावीकडच्या पाकळ्या

"बाई, तुमचा प्राणी डाव्या अंगानं खुजा आहे," माईणकर म्हणाले. "आधीच सांगून ठेवतो. मागाहून माझ्यावर यायचं नाही."

त्यांनी चित्र माझ्या टेबलावर ठेवलं, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. चित्र दिल्यावर ते समोर कधी थांबत नसत. पाहणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणं हे मागणाऱ्याचं लक्षण, असं त्यांचं मत होतं.

चित्र सँड डॉलरचं होतं. तारामाशाचा हा भाऊबंद आमच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या रेषेखाली वाळूत अर्धवट पुरलेला राहतो. तळहाताएवढा, भाकरीसारखा चपटा. जिवंत असतो तेव्हा जांभळट तपकिरी, अंगभर मखमलीसारखे बारीक काटे. मेल्यावर काटे झडतात आणि पांढरी चकती उरते. तिच्या पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल कोरल्यासारखं दिसतं. सहलीला आलेली माणसं ती चकती घरी नेऊन काचेच्या कपाटात ठेवतात.

पाच पाकळ्यांमुळे तो चक्रासारखा वाटतो, कसाही फिरवला तरी सारखाच. तसा तो नाही. त्याला पुढची बाजू असते. एक पाकळी पुढे, उरलेल्या चार दोन-दोनच्या जोडीनं डावी-उजवीकडे. मागच्या कडेला दोन लांबट खाचा. तोंड पोटाशी मध्यावर, गुदद्वार त्याच्या मागे. वाळूत सरकतो तोही पुढची पाकळी पुढे करूनच. म्हणजे त्याला डावं-उजवं आहे, आणि धडधाकट प्राण्यात ते सारखं असतं.

माईणकरांच्या चित्रात ते सारखं नव्हतं. उजव्या दोन्ही पाकळ्या अप्रतिम होत्या, छिद्रांच्या ओळी मोजून घ्याव्यात अशा. डावी पुढची पाकळी आखूड होती. डावी मागची तर नुसती सुरू होऊन थांबली होती. डावी खाच म्हणजे एक ओरखडा.

"नीट पाहिलंत?" मी विचारलं.

"नीट न पाहता मी कधी काढलंय?"

हे खरं होतं. म्हणून मी पुन्हा चित्रावर वाकले. एका बाजूनं खुंटलेला सँड डॉलर, तोही आमच्या किनाऱ्यावरचा, म्हणजे काहीतरी वेगळंच हाती लागलं होतं.

वेंगुर्ल्याच्या उत्तरेला आमचं छोटं संशोधन केंद्र होतं. साल शहाऐंशी. केंद्राचे प्रमुख डॉ. कारखानीस आणि मी, दोघं मिळून कोकण किनाऱ्यावरच्या कंटकचर्मी, म्हणजे काटेरी कातडीच्या, प्राण्यांवर पुस्तक करत होतो. सगळी चित्रं दिगंबर माईणकरांची. केंद्रात येण्याआधी ते दुकानांच्या पाट्या रंगवत, आणि श्रावण लागला की भावाच्या गणपतीच्या शाळेत, मूर्तींच्या कारखान्यात, गणपतींचे डोळे आखत. डोळे आखायला ते अजूनही जात.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर आमच्या नावांखाली 'चित्रे : दिगंबर माईणकर' असं छापायचं ठरलं होतं. कारखानिसांनी ते सहज कबूल केलं. माईणकरांना ते सहज वाटलं नाही. "आमच्या घरात तीन पिढ्या चित्रं काढतात," ते मला म्हणाले होते, "पण सही कुणाची नाही. देवळाच्या भिंतीवर सही करायची नसते, आणि पाटीवर नाव दुकानदाराचं." त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, शालिनीवहिनींनी, केंद्रात सगळ्यांना पुरेल इतका खाजा पाठवला होता.

दोन्ही बाजू सारख्या असलेल्या प्राण्याचं चित्र काढायची एक सोपी रीत आहे. अर्धं काढायचं, पातळ कागदावर गिरवायचं, कागद उलटवायचा, की उरलेलं अर्धं तयार. पुष्कळ ठिकाणी असंच चालतं. माईणकरांना या रीतीचा तिटकारा होता. "उलटवायचंच असेल तर घावणे घालणारी बाई ठेवा," ते म्हणत. "पगार कमी लागेल, आणि संध्याकाळी खायला मिळेल." कुठलाच प्राणी दोन्ही अंगांनी तंतोतंत सारखा नसतो, केसाएवढा का होईना फरक असतो, आणि तो केस काढण्यासाठीच आपल्याला ठेवलंय, असं ते मानत.

चित्र घेऊन मी कारखानिसांकडे गेले. ते खुर्चीतून उठले.

"बाई, हे खरं निघालं तर लोक पुस्तकातलं हे एकच पान बघतील."

"आधी मोजते," मी म्हणाले.

ज्या नमुन्यावरून चित्र काढलं होतं तोच मी घेतला. कर्कटकानं उजवी मागची पाकळी मापली, तेच टोक न हलवता डाव्या पाकळीवर ठेवलं. बरोबर बसलं. पुढच्या जोडीला लावलं. बसलं. दोन्ही खाचा सारख्या. मग त्याच खोक्यातले दुसरे नमुने काढून मापले. कुठेही सांगण्यासारखा फरक नव्हता.

माईणकर त्यांच्या टेबलाशी टाक पुसत बसले होते. डाव्या गालावर पांढरे खुंट राहिले होते. दाढी घाईत केली असावी असं मला वाटलं.

"माईणकर, पाकळ्या सारख्या आहेत."

"तुमच्या कर्कटकाचं टोक वाकलं असेल."

"नवं आहे."

"मग नव्यालाच वाकलं असेल. हल्लीचा माल तसलाच." ते हसले. मी हसले नाही, हे त्यांनी पाहिलं. "बाई, मी तीन दिवस त्याच्यासमोर बसलोय. डोळे मिटले तरी मला तो दिसतो."

"डोळे तपासून घेता का?"

"गेल्याच महिन्यात सावंतवाडीला नंबर काढलाय. डॉक्टर म्हणाला, या वयात असे डोळे बघितले नाहीत."

वाद घालण्यापेक्षा तपासून बघावं, अशी माझी पद्धत होती. मी तोच नमुना त्यांच्यासमोर काळ्या कापडावर ठेवला. मात्र उलट्या दिशेनं, पुढची पाकळी त्यांच्या पोटाकडे करून.

"आता काढा. नुसती पेन्सिल. शाई नको."

"परीक्षा घेताय?"

"प्राण्याची घेतेय."

ते बसले. पेन्सिल हातात आली की त्यांचा चेहरा निवत असे. त्या दिवशीही निवला. मी शेजारी उभी राहून हात बघत होते. रेघेत थरथर नव्हती, घाई नव्हती. एक पाकळी झाली, दुसरी झाली. मग हात मध्यावर आला, थोडा डावीकडे सरकला आणि थांबला. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"झालं."

मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. कारखानीसही येऊन उभे राहिले होते.

"हे बघा," मी म्हणाले. "पहिल्या वेळी प्राण्याची डावी बाजू खुजी. आता प्राणी फिरवला, तर त्याची उजवी बाजू खुजी. पण दोन्ही वेळी ती कागदाच्या डावीकडेच आहे. प्राणी फिरवला तरी खुजेपणा फिरला नाही. म्हणजे तो प्राण्यात नाही."

"मग कशात आहे?"

"चित्रात."

माईणकर बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिले. मला वाटलं, आता हसतील आणि म्हणतील, म्हातारा झालो. ते तसं म्हणाले असते तर मी लगेच म्हणणार होते, छे, उन्हाळा फार आहे.

"दोन्ही बरोबर आहेत," ते म्हणाले.

"दोन्ही कशी बरोबर असतील?"

"ते मला माहीत नाही. पण बरोबर आहेत." मग त्यांचा आवाज चढला आणि बोली बाहेर आली. "माका शिकवू नको, बाई. इतकी वर्सां काढलंय ती काय डोळे बांधून काढलंय?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा एकेरी हाक मारली. कारखानिसांनी मला बाजूला घेतलं.

"हल्ली थोडी घेतात का हो?"

"त्यांच्या अंगाला शाईशिवाय दुसरा वास मला कधी आला नाही," मी म्हणाले.

"मग मानी झालेत. नाव छापणार म्हटल्यावर होतं असं." ते पुन्हा टेबलाशी आले. "माईणकर, शुक्रवारी पुण्याला पार्सल गेलं पाहिजे. नवं चित्र काढायला वेळ नाही. उजवी बाजू झकास आहे. तीच उलटवू. टेंबेबाई गिरवतील."

माईणकरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही करणार?"

"एकच चित्र आहे, माईणकर."

"करणार का ते विचारलं."

"करावं लागेल. चूक तशीच छापता येणार नाही."

"मग पहिल्या पानावरचं माझं नाव काढा."

"एका चित्रासाठी?"

"माझं म्हणून एक उलटवलेलं जाणार असेल, तर बघणाऱ्यानं बाकीच्यांवर का विश्वास ठेवावा? मी नसता ठेवला."

"नाव बाकीच्या सगळ्या चित्रांचं आहे," मी म्हणाले. "राग उतरल्यावर वाईट वाटेल."

"वाटू दे. माझं मला."

त्यांनी टाक, निबांची डबी आणि चष्म्याचं घर पिशवीत भरलं. बाहेर जाताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर जोरात आपटला. रागात माणसाला भान राहत नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

शुक्रवारी पार्सल गेलं. त्यातलं सँड डॉलरचं चित्र मी पूर्ण केलं होतं. त्यांचं उजवं अर्धं गिरवून उलटवलं, जोड लागतो तिथे छिद्रं जुळवली. पाहणाऱ्याला कळलं नसतं. कारखानीस म्हणाले, छापखाना पहिलं पान सगळ्यांत शेवटी घेतो. तोवर माईणकर निवळतील.

ते निवळले नाहीत. केंद्रात आलेच नाहीत. रजेचा अर्ज भावाच्या हातून आला. श्रावण लागला तेव्हा एका सकाळी शालिनीवहिनी केंद्राच्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. आत यायला तयार होईनात.

"बाई, सोमवारी जेवूक येवा."

"त्यांनी बोलावलंय?"

"ते कित्याक बोलावतीत? मी बोलवतंय. तुमच्याशी बोलले तर बोलतले. माझ्याशी तर नुसतो तंटो."

सोमवारी गेले. माईणकर पडवीत बाकावर बसले होते. मला पाहून उठले, "या" म्हणाले, आणि पाणी आणायला सांगितलं. भांडणाचा विषय दोघांनीही काढला नाही. अंगणातल्या सुपारीला किती घड आलेत, यावर बोललो. मग मीच काढला.

"माईणकर, पहिलं पान अजून छापलेलं नाही. तुम्ही हो म्हणालात तर नाव घाला म्हणून आज पत्र टाकते."

"ते उलटवलेलं चित्र बदललंत?"

"नाही."

"मग मी कसा बदलू?"

वहिनींनी आतून हाक मारली. स्वयंपाकघरात पाटावर बसलो, मी त्यांच्या समोर. वहिनी वाढत होत्या. सणाच्या दिवसासारखं ताट, रीतीप्रमाणे वाढलेलं. मीठ, लिंबाची फोड, ओल्या खोबऱ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि आमटीची वाटी उजवीकडे, मध्ये भात.

"यंदा गणपतीच्या शाळेत नाय जाऊक," वहिनी मला म्हणाल्या. "भावजी म्हणाले, तू विश्रांती घे, डोळे मी आखतंय. आधी कधी असा बोलले नव्हते."

"त्याला शिकायचं असेल," माईणकर जेवता जेवता म्हणाले. "वयाच्या साठीत."

"आणि ह्यांची खाण्याची तऱ्हा बघा, बाई. चटणीक हात लावणत नाय, कोशिंबिरीक लावणत नाय. जन्मभर चटणीशिवाय घास गेलो नाय, आणि आता माझ्या हातचा गोड लागणा नाय."

"वाढल्याशिवाय कशी खाऊ?" माईणकर म्हणाले.

"ऐकलात? रोज हीच थट्टा. ताट समोर असता, आणि म्हणतीत वाढलंच नाय. शेजारणीदेखत बोलले तेव्हा माका लाज वाटली."

"थट्टा कसली? वाढ की मग. बाईंना वाढलीस, मला नको?"

वहिनींचे डोळे भरून आले. त्या चुलीकडे वळल्या. मी माईणकरांच्या ताटाकडे पाहिलं. उजवीकडची भाजी संपली होती. आमटीची वाटी रिकामी. भाताच्या ढिगाचा उजवा भाग खाल्लेला होता आणि डावा तसाच उभा होता. मध्ये सुरीनं कापल्यासारखी कड. चटणी, कोशिंबीर, लिंबू, मीठ, सगळं वाढलं तसं होतं. थट्टा करणारा माणूस भात असा कापून खात नाही.

मी हात पुढे केला आणि त्यांचं ताट अर्धं फिरवलं.

माईणकरांनी खाली पाहिलं. "ही कधी वाढलीस?" ते आनंदानं म्हणाले आणि चटणीत बोट घातलं. मग कोशिंबीर खाल्ली, भाताचा उरलेला ढीग खाल्ला, लिंबाची फोड चोखली. वहिनी पळी हातात धरून बघत उभ्या होत्या. मी त्यांना खुणावलं आणि त्यांनी ताटात आणखी भाजी वाढली. भाजीच्या जागी, आता ती जागा त्यांच्या डाव्या हाताला आली होती.

"भाजी संपली वाटतं?" माईणकरांनी विचारलं.

वहिनींनी पळी हळूच खाली ठेवली.

प्राणी फिरवला तरी खुजेपणा फिरला नाही, असं मी तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या तोंडावर म्हणाले होते. ते वाक्य बरोबर होतं. माझी मापंही बरोबर होती.

त्याच आठवड्यात त्यांना मिरजेला नेलं. भाऊ होते, वहिनी होत्या, मी होते. तपासण्या झाल्या. मेंदूच्या उजव्या भागात गाठ होती, आणि ती अशा जागी होती की काढता येण्यासारखी नव्हती. हे कळायच्या आधी डॉक्टरांनी माईणकरांना कागद-पेन्सिल दिली होती.

"आजोबा, एक फूल काढून दाखवा. कुठलंही."

"फूल?" माईणकर म्हणाले. "बालवाडीत घालताय काय मला?" पण पेन्सिल हातात आल्यावर चेहरा निवला. त्यांनी मधला गोल काढला. मग उजवीकडे एक पाकळी, तिच्याखाली दुसरी. वर एक, तिची डावी कड अर्धवट. आणि पेन्सिल ठेवली. "झालं."

मी ते चित्र ओळखत होते. माझ्या कपाटात त्याच्या दोन प्रती होत्या.

बाहेरच्या बाकावर डॉक्टर आम्हाला म्हणाले, "डोळ्यांत दोष नाही. डावीकडे काही आहे, याची जाणीवच मेंदूला होत नाही. आपल्याला पाठीमागचं दिसत नाही म्हणून आपण काय अडखळतो का? तसंच. काही कमी आहे असं त्यांना वाटणारच नाही. त्यांच्यापुरतं चित्र पुरं असतं."

"म्हणजे थट्टा नव्हती?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मी लय बोललंय त्यांका," वहिनी म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरला.

मी विचारलं, "उन्हाळ्यात आणलं असतं तर?"

"आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, इतकंच म्हणता येईल," डॉक्टर म्हणाले. "पण आधी कळणार कसं? असं कुणी मुद्दाम तपासून बघत नाही."

मी आत गेले. माईणकर उशीला टेकून बसले होते. फुलाचा कागद मांडीवर होता.

"डॉक्टर काय म्हणाला चित्राला?"

"चांगलं आहे म्हणाले."

"त्याला काय कळतंय. तुम्ही काय म्हणता?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"मग तेही बरोबर होतं. तुमचा खुजा प्राणी."

"हो."

त्यांनी कागद उशीखाली सरकवला. "मग नाव राहू द्या, बाई. हिला वाटतं असावं म्हणून. मला काय."

मी खाली जाऊन रस्त्यावरच्या बूथमधून पुण्याला छापखान्यात फोन लावला. मालक स्वतःच बोलले. पहिल्या पानाचा फॉर्म परवाच छापून झाला होता, कागद बांधणीला गेले होते. पुन्हा छापायचं तर कारखानिसांची परवानगी हवी आणि कागदही नव्यानं हवा. "त्यापेक्षा असं करू बाई," ते म्हणाले, "शुद्धिपत्राची चिठ्ठी घालायचीच आहे. दोन चुका आहेत, त्यांच्याखाली हे घालून टाकतो. काम होतंय."

मग मी कारखानिसांना फोन केला. ते म्हणाले, "फार वाईट झालं. पण पुन्हा छापणं शक्य नाही, बाई."

चिठ्ठी तशी छापली गेली. वर एका लॅटिन नावातलं चुकलेलं अक्षर, खाली एका तक्त्यातला चुकलेला आकडा, आणि त्याखाली 'चित्रे : दिगंबर माईणकर'.

दिवाळीच्या आधी प्रती आल्या. चिठ्ठी सुटी होती, पुठ्ठ्याच्या आत डावीकडे सरकवलेली. मी एक प्रत घेतली, चिठ्ठीवरची नावाची ओळ कात्रीनं कापली आणि पहिल्या पानावर, आमच्या नावांखाली, उजव्या कडेला चिकटवली. मग ती घेऊन त्यांच्या घरी गेले.

माईणकर आता पलंगावरून फारसे उठत नसत. डावा हात पांघरुणावर दुसऱ्या कुणाचा तरी ठेवल्यासारखा पडलेला असे. मी पुस्तक त्यांच्या उजव्या मांडीवर ठेवलं आणि पहिलं पान उघडून धरलं. त्यांनी नाव वाचलं. अक्षरांवरून बोट फिरवलं. चिकटवलेल्या कागदाची कड त्यांच्या बोटाला लागली असणार.

"तो दाखवा," ते म्हणाले.

कुठला ते विचारायची गरज नव्हती. मी सँड डॉलरचं पान काढलं. मी उलटवलेलं डावं अर्धं आणि त्यांचं उजवं. छपाई चांगली आली होती. त्यांनी बोट उजव्या कडेवर ठेवलं, मागच्या खाचेत घातलं, पाकळीवरून छिद्रांच्या ओळीनं सावकाश वर आणलं आणि बरोबर मध्यावर थांबवलं. पुढे नेलं नाही.

"आहे तसंच छापलंत की," ते म्हणाले. "रेघ न् रेघ माझी आहे. उलटवणार म्हणालात ते उगीच?"

"हो."

"आणि मी तीन महिने घरात बसून राहिलो. सांगायचंत तरी, बाई."

मी पुस्तक तसंच उघडं धरून ठेवलं. वहिनी पलंगाच्या डाव्या अंगाला बसल्या होत्या. त्या उठल्या, वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला आल्या आणि मग त्यांना विचारलं, च्या करू का.